घरभेटीला येऊन झोपणारे नाना

पाळकाच्या बायकोला दुपार नसते. सकाळ असते, संध्याकाळ असते, रविवार तर असतोच असतो. पण जेवणं उरकून, ओटा पुसून बाकीच्या बाया जरा भिंतीला टेकतात, ती दुपार आमच्या नशिबात नाही. टेकलं की फाटकाची कडी वाजते. कुणाची सून माहेरी निघून गेलीय, कुणाच्या पोराला नोकरीचा कॉल आलाय, कुणाला नुसतंच जिवाला बरं वाटत नाही. "साहेब हैत का?" हैत की. कुठं जातात! बसा, चहा टाकते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी चहाच टाकतेय. स्वर्गात गेले तर दारातच सांगणार आहे, बाबा, मला गॅसपासून लांबची जागा दे.

तर अशा माझ्या घरात एक माणूस यायचा आणि ढाराढूर झोपायचा प्रयत्न करायचा. मला त्याचा राग यायचा, यात नवल काय?

नाना म्हणजे भोकरदनकडच्या एका लहानशा मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक. नात्यानं आमचे कुणी नव्हेत. आमच्या ह्यांची पहिली नेमणूक नानांच्या हाताखाली झाली होती, तेव्हापासून ते ह्यांचे नाना, म्हणून माझेही. वयानं केव्हाच निवृत्त व्हायला हवे होते, पण तिकडं जायला दुसरा कुणी तयार होईना, म्हणून तेच राहिले. अंगानं वाळके, कान मोठे, सदरा पांढरा पण कॉलर कायम मळलेली, पायात रबरी चप्पल. खांद्याला खाकी कापडाची पिशवी. त्या पिशवीत दोनच वस्तू असायच्या. एक शास्त्र, म्हणजे बायबल, आणि एक उशी.

उशी हो, झोपायची. शेवरीच्या कापसाची, लहानशी, निळ्या फुलांच्या खोळीतली. भोकरदनच्या लाल गाडीचे कंडक्टरसुद्धा विचारायचे, "काय पास्टर, आज कुणाच्या घरी?" आणि नाना पिशवीवर थाप मारून सांगायचे, "बघू, जिथं लागंल तिथं."

आमच्यात घरभेट म्हणजे काय, तर पाळकानं सभासदाच्या घरी जायचं, खुशाली विचारायची, वचन वाचायचं, प्रार्थना करायची, चहा प्यायचा आणि पुढचं घर गाठायचं. आमचे हे घरभेटीला निघाले की दिवेलागणीला परत येतात, पोटात इतका चहा असतो की जेवण नको म्हणतात. नानांची घरभेट वेगळीच. भर दुपारी जायचे. सलाम करून तांब्याभर पाणी प्यायचे. "खाट कुठं हाय?" असं विचारायचे. खाट नसली तर सतरंजी. पिशवीतून उशी काढायची, तोंडावर पंचा घ्यायचा आणि घरच्या सगळ्या माणसांच्या मधोमध झोपून जायचं. घोरणं असं, की अंगणातली कोंबडी आत डोकावून जायची. मग उठून चूळ भरायची, उकळलेला काळा चहा प्यायचा, डोळे मिटायचे आणि प्रार्थना.

"देवा, ह्या घरात झोप लागली. आमेन."

संपली घरभेट.

आणि नाही लागली झोप, तर? तर उठून बसायचे, उशी मांडीवर घ्यायचे. "देवा, ह्या घरात झोप न्हाई. तूच बघ जरा. आमेन." हे ऐकलं की घरच्या बाईचं तोंड उतरायचं. मग नाना जायचे नाहीत. विचारायचेही काही नाहीत, नुसते बसून राहायचे. थोड्या वेळानं घरातलं कुणीतरी आपणहून बोलायला लागायचं. त्यांचं म्हणणं असं, की माणसाला खोटं बोलता येतं, घराला येत नाही. "ज्या घरात पावण्याचा डोळा लागत न्हाई, तिथं घरच्यांचाबी लागत नसतो. बिलकुल न्हाई."

त्यांच्या मंडळीतल्या बायांना याचा कोण अभिमान! "आमच्याकडं नाना पार उन्हं उतरंपर्यंत झोपले," असं एकमेकींना ऐकवायच्या. एकीकडं जास्त झोपले म्हणून दुसरीचा रुसवा. मला हसायला यायचं आणि जळफळाटही व्हायचा. आमच्या ह्यांनी असं कुणाच्या घरी ताणून दिली असती तर दुसऱ्या दिवशी बोंब झाली असती.

तशी नानांचीही बोंब झाली होती एकदा. कुणीतरी वरिष्ठांकडं तक्रार केली. पाळकांच्या सभेत सगळ्यांसमोर त्यांना उभं केलं.

"तुम्ही घरभेटीला जाऊन झोपता, हे खरं आहे का?"

"बराबर हाय."

"हे पाळकाला शोभतं का?"

"न्हाई शोभत," नाना म्हणाले. "पण साहेब, एकदा तुमच्या घरी येऊ का?"

वरिष्ठांच्या घरी तेव्हा काय चाललं होतं ते त्या खोलीत बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. वरिष्ठांनी पाणी प्यायलं आणि पुढचा विषय घेतला. आमचे हे घरी येऊन ते सांगताना इतके हसले की ठसका लागला. ह्यांचं तसलं हसणं पुढं बरीच वर्षं ऐकायला मिळालं नाही, म्हणून ते लक्षात राहिलंय.

तीर्थपुरीकडच्या वस्तीवरचा किस्सा तर हे मंडळीत अजून सांगतात. दोन भाऊ, मोसंबीची बाग एक, विहीर एक आणि पाण्याच्या पाळीवरून काठ्या निघायची वेळ आलेली. आमचे हे आणि नाना दोघे समजूत घालायला गेले. ह्यांनी गाडीत बसून क्षमेवर चांगला उपदेश तयार केला होता. नानांनी दोन घरांच्या मधल्या अंगणात खाट ओढून घेतली आणि तोंडावर पंचा टाकला. थोरला गरजला, "अय, तुला पाणी पायजे तर..." तेवढ्यात धाकट्याची बायको म्हणाली, "हळू! नाना झोपलेत." मग दोघे भाऊ कुजबुजत भांडायला लागले. हे सांगतात, माणसाला कुजबुजत भांडता येत नाही. शिवी कुजबुजून दिली की ती शिवीच राहत नाही. थोरल्याला मधेच फस्सकन हसू फुटलं, मग धाकट्यालाही. नाना उठले, आमेन म्हणाले आणि एसटी गाठली. ह्यांचा उपदेश तसाच परत आला. पाणी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पेटलं, ते सोडा. पण काठी निघाली नाही.

आता आमचं सांगते.

आमची मंडळी तेव्हा बदनापूरजवळची. मंडळी लहान आणि भांडण मोठं. याकोबमामा हे जुने पंच, जन्मभर उपासनेला पेटी वाजवत आलेले. दुसरा विकास, बँकेत नोकरीला, त्यानं हौसेनं कीबोर्ड आणि दोन मोठे स्पीकर आणले. झालं! पेटीवाले उजव्या बाकांवर, कीबोर्डवाले डाव्या. पेटी सुरू झाली की डावीकडचे बाहेर जाऊन लिंबाखाली उभे राहायचे. कीबोर्ड सुरू झाला की उजवीकडच्यांना एकदम खोकला लागायचा. मधल्या बाकावर एकटी मार्थाआजी बसायची, कारण तिला दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं. ती प्रत्येक गाण्याला खुशीत मान डोलवायची.

चर्चातलं भांडण चर्चात राहील तर ते भांडण कसलं? सकाळी याकोबमामा आमच्या घरी, संध्याकाळी विकास. प्रत्येकाला वाटायचं पाळकानं आपल्या बाजूनं बोलावं. हे दोघांनाही "बघू" म्हणायचे. बघू म्हणणारा दोन्हीकडून मार खातो. मोबाइल तर ताटाशेजारी वाजायचा. एकानं ठेवला की दुसऱ्याचा. माझ्या नवऱ्याला दाढी करताना गुणगुणायची सवय होती, ती कधी बंद पडली ते मला कळलंसुद्धा नाही. मग झोप गेली. कधीही बघावं तर डोळे उघडे. एका रविवारी "प्रार्थना करू या" म्हणाले आणि नुसतेच उभे राहिले. बराच वेळ. लोकांना वाटलं, मौन प्रार्थना आहे. उपासना सुटल्यावर दोघं-तिघं येऊन म्हणाले, साहेब, आजची प्रार्थना फार आवडली. मला माहीत होतं. ह्यांना शब्दच आले नव्हते.

माझ्या भावाचं जालन्यात बियाण्यांचं दुकान आहे. तो म्हणाला, "दाजी, या माझ्याकडं. दुकान सांभाळा. संध्याकाळी शटर पाडलं की तुमचे तुम्ही मोकळे." शटर! अहो, मला तो शब्द इतका गोड लागला की काय सांगू. पाडलं की पाडलं. पुढचा माणूस बाहेर, आपण आत. आमच्या घराला आजवर कुणी शटर लावलं होतं का? नाताळ झाला की पाळकाची सेवा सोडायची, असं आम्ही ठरवलं. मी दोन ट्रंका भरूनही ठेवल्या. ह्यांच्यापेक्षा मलाच जास्त घाई झाली होती.

ह्यांनी फोनवर नानांना तेवढं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नाना हजर, खांद्याला पिशवी.

नाना आता समजूत घालायला आलेत, हे मी ओळखलं. पाचारण, सेवा, वधस्तंभ, काय काय म्हणणार ते सगळं मनात धरून मी सगळ्याला उत्तरं तयार ठेवली. ते जेवले. भाकरी आणि मेथीची भाजी, वर ठेचा मागून घेतला. मग दिवाणावर उशी टाकून आडवे झाले. फोन वाजला. फाटक वाजलं. नाना उठून आतल्या खोलीत गेले. तिथंही लागेना. ओसरीवर सतरंजी टाकून बघितली. शेवटी उठून बसले, उशी मांडीवर घेतली आणि डोळे मिटले.

"देवा, ह्या घरात झोप न्हाई. दोष कुणाचाच न्हाई. तूच बघ."

माझं टाळकंच सरकलं. "नाना, हे देवाला कशाला सांगायला पायजे? मला विचारायचं. मीच सांगितलं असतं!"

"मंग सांगा ना, पाळकीणबाई," ते म्हणाले.

आणि मी सांगत सुटले. चहाचं सांगितलं, फोनचं सांगितलं, लिंबाखाली उभं राहणाऱ्यांचं सांगितलं. हे माझ्याशी बोलत नाहीत हेही सांगितलं, आणि हे समोरच बसले होते. बोलता बोलता रडले. नानांनी मधे एक शब्द काढला नाही. जाऊ नका, असं तर ते तेव्हाही म्हणाले नाहीत आणि नंतरही कधी म्हणाले नाहीत.

"दुकानात जायचं तर खुशाल जा," ते म्हणाले. "पण झोपून उठून जा. जागरणात ठरवलेलं माणसाला पुढं पचत न्हाई. नाताळपर्यंत मी दर मंगळवारी येतो. दुपारी तुम्ही दोघं झोपायचं. मी दारात बसतो."

"आणि लोक आले तर?"

"लोकांचं माझ्यावर सोडा."

पुढच्या मंगळवारी खरंच आले. खुर्ची घेऊन दारात आडवी टाकली. ह्यांचा मोबाइल मागून घेतला आणि पिशवीत उशीखाली घातला. मी आत चटईवर पडले, पण झोप कुठली? कान सगळे बाहेर.

याकोबमामा आले. "साहेब हैत का?"

"झोपले हैत. बाईबी झोपल्यात. तुमचं काय काम हाय ते मला सांगा."

"झोपले? दुपारी? बिमार हैत का?"

"न्हाई, दमले हैत."

"दमायला काय झालं? खडी फोडून राह्यले का काय चर्चात?"

"मामा, बसा की," नानांचा आवाज. "अन् हळू बोला."

मामा बसले. थोड्या वेळानं विकास आला, त्यालाही तेच. ओसरीवर बाक एकच, तेव्हा तोही त्याच बाकावर बसला. दोघे एकमेकांकडं न बघता तिथं बसून होते आणि मधे खुर्चीवर नाना. मला आतून सगळं ऐकू येत होतं, म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं.

त्या दिवशी नाही, पण पुढच्या मंगळवारी मला झोप लागली. उठले तेव्हा गालावर चटईची नक्षी उठली होती आणि आज वार कोणता हेच आठवेना. शेजारी हे तोंड उघडं टाकून गाढ. किती महिन्यांनी बघत होते. मी तशीच बसून राहिले बघत. बाहेर नानांनी चहा केला होता. इतका वाईट चहा मी जन्मात प्याले नाही, पण दुसऱ्यानं केलेला होता ना! दोन कप प्याले.

तेव्हाच मी त्यांना विचारलं, "नाना, सगळ्यांच्या घरी झोपता, तुमच्या घरी का नाही झोपत?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तुमच्या काकू गेल्यापासून घरी माझा डोळा लागत न्हाई. सारी रात छताकडं बघत असतो. एकदा असाच घरभेटीला गेल्तो, जरा खाटेवर टेकलो अन् लागली झोप. उठून बघतो तर घरच्यांनी माझ्यासाठी टीव्ही बंद केल्ता. पोरंसोरं दबकत चालून राह्यली व्हती. मला रडूच आलं. मंग लागली सवय."

"आणि ते घर ओळखायचं, पावण्याचा डोळा?"

"ते मागून सुचलं," नाना म्हणाले. "लोकांला काहीतरी सांगावं लागतं ना."

मी हसले की रडले, मला आठवत नाही. इतकी वर्षं ज्याला आम्ही त्यांची युक्ती समजत होतो ती त्यांची गरज होती. म्हातारा लोकांच्या घरी जाऊन चार घटका झोप मागून आणत होता. उशी काकूंनी भरलेली होती, हेही त्याच दिवशी कळलं.

नाताळ जवळ आला. मंडळीत कुरकुर वाढली होती, पाळक मंगळवारी झोपतात म्हणून. आणि अशाच एका मंगळवारी मार्थाआजीचा मुलगा धावत आला. आजी बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली होती, हे रोज सकाळी जाऊन प्रार्थना करून येत. त्या सकाळीही गेले होते. मुलगा म्हणाला, "आई घाबरी झालीय, साहेबांला बोलवा." नाना खुर्चीवरून उठले. आत वाकून बघितलं. आम्ही दोघं झोपलेले. "चला, मी येतो," ते म्हणाले आणि पिशवी घेऊन गेले.

आम्ही उठलो तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि गल्लीतून रडण्याचा आवाज येत होता.

हे नानांवर ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आजीच्या अंगणात, लोकांसमोर. "मला उठवायचं होतं, नाना! ती माझी माणसं होती!"

नाना खाली मान घालून म्हणाले, "उठवायला पायजे व्हतं. चुकलं माझं."

ती चूक होती का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण गावाला ठरवायला वेळ लागला नाही. पाळक झोपले होते अन् म्हातारी गेली, ही बातमी संध्याकाळच्या गाडीनं बदनापूर स्टेशनपर्यंत पोचली. दफनविधी झाला आणि लगेच पंचांनी सभा बोलावली. याकोबमामा उभे राहिले. "ज्या पाळकाला झोप प्यारी, तो आम्हाला नको." विकास म्हणाला, "मामा बराबर बोलून राह्यले." कीबोर्ड आल्यापासून हे दोघे पहिल्यांदाच एका शब्दावर आले होते, आणि तो शब्द आमच्याविरुद्ध होता. मला मनातून वाटलं, चला, बरं झालं. ट्रंका भरलेल्याच आहेत. पण मग ह्यांच्याकडं बघितलं. स्वतःच्या पायानं जाणं वेगळं, आणि निजलेला पाळक म्हणून हाकलून देणं वेगळं. पुढं दुकानात बसले असते तरी हे शटर पाडून झोपले नसते, जन्मभर.

नाना उठले. "चूक माझी हाय. ह्यांला शिक्षा कशाला?"

"तुम्ही आमचे पाळक न्हाईत," मामा म्हणाले. "तुम्ही बसा."

तेव्हा मागून मार्थाआजीची सून उभी राहिली, सुनीता. आमच्या पंचांच्या सभेत बाया मागं बसतात आणि चहाच्या वेळी उठतात. ही मधेच उठली.

"मी बोलू का?" म्हणाली, आणि परवानगीची वाट न बघता बोलायला लागली. "आत्याला कितीक रात्री झोप नव्हती. पाठीला जखमा झाल्त्या. कूस बदलली तरी वरडायच्या. साहेब रोज येत व्हते, त्या दिवशीबी आल्ते. नाना आले तर त्यांनी काही वाचलं न्हाई, काही बोलले न्हाईत. आपली उशी काढली अन् आत्याच्या मानंखाली घातली. हात धरून बसले खाली. आत्यानं डोळे मिटले. मला वाटलं गेल्या. तर घोरायला लागल्या!" सुनीता हसली आणि तिचे डोळे भरले. "किती दिवसांनी घोरल्या. मी म्हणलं, झोपू द्या. मंग हळूच घोरणं थांबलं. झोपंत गेल्या माझ्या आत्या. असं मरण मागून मिळत न्हाई. अन् तुम्ही भांडता कशावरून? मामा, आजवर कधी इचारलं का, मार्थाबाई, झोप लागती का म्हणून? विकासभाऊ, तुम्ही इचारलं?"

मामांना खोकला आला, खरा खोकला. मग कुणीतरी चहा आणला. सभेचा निकाल असा काही लागला नाही. आमच्यात सभांचे निकाल लागत नाहीत, सभा मोडतात. पण पाळकाला काढायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

उशी आजीबरोबरच गेली होती. शवपेटीत ठेवताना मुलगा ती काढायला लागला, तर नानांनीच हात धरला. "राहू दे. आता मोडू नको तिची झोप."

नाना आता नाहीत. भोकरदनला त्यांच्या त्या घरातच गेले. झोपेत गेले की छताकडं बघत, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही, आणि तेवढं एक मनाला लागून राहिलंय. आमचीही त्यानंतर दोनदा बदली झाली. भांडणं इथंही आहेत, चहा तर आहेच आहे. थकवा गेला असं म्हणाले तर खोटं होईल. पण मंगळवारी दुपारी आमचं फाटक आतून बंद असतं, आणि लोकांना आता ते माहीत झालंय.

सांगायचं राहिलं ते नाताळाच्या आधीच्या शेवटच्या मंगळवारचं.

नाना आले ते रिकामी पिशवी घेऊन. चेहरा ओढलेला. नेहमीसारखी खुर्ची उचलायला गेले, तर मी ती हातातून काढून घेतली.

"आज तुम्ही झोपा, नाना. मी बसते दारात."

"माझी उशी न्हाई, बाई."

मी आतून माझं जुनं लुगडं आणलं, चौघडी घातली आणि दिवाणावर ठेवलं. ते नको नको म्हणत आडवे झाले. मी दारात खुर्ची टाकून बसले, हे पायरीवर. थोड्या वेळानं याकोबमामा आले. "साहे..." एवढंच म्हणाले असतील.

"हळू," मी म्हटलं. "नाना झोपलेत."

मामा गुपचूप बाकावर टेकले. मग विकास आला, तोही टेकला. मी कान देऊन होते. आतून काहीच ऐकू येईना. माझ्या जिवाला नुसता घोर. ह्या घरात झोप लागत नाही, हे त्यांनी देवाला सांगून ठेवलेलं होतं ना!

तेवढ्यात ह्यांच्या हातातला मोबाइल थरथरला. माझा भाऊ. आम्ही येणार की नाही, हे त्याला त्या दिवशी सांगायचं होतं. त्याचा आवाज जन्माचा मोठा, बाकापर्यंत ऐकू जात होता. "मंग काय ठरलं दाजी? एक तारखेपासून येताय ना?" मामा आणि विकास दोघांच्याही माना एकदम वळल्या. त्यांना ट्रंकांचं काहीच माहीत नव्हतं.

ह्यांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. त्या माणसानं कितीतरी दिवसांनी मला काहीतरी विचारलं होतं, आणि तेही न बोलता. मी ट्रंकांकडं बघितलं. शटरचा विचार केला, खोटं कशाला बोलू. आणि त्याच वेळी आतून घोरणं सुरू झालं. आधी हळू, मग चांगलं दणदणीत.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "सांगून टाका," मी म्हटलं. "पण हळू सांगा."

"न्हाई येत मी दुकानात," हे कुजबुजले.

"आँ? काय? ऐकू येईना दाजी!"

"न्हाई येत," हे आणखी हळू म्हणाले. "हितं झोपलंय कुणीतरी."

फोन ठेवला. मग मामा विकासच्या कानाशी लागले, "नाताळला पहिलं गीत पेटीवर." विकास कुजबुजला, "दुसरं मंग कीबोर्डवर." "एकच स्पीकर." "दोन." "एक!" मी दटावल्यावर दोघे गप्प झाले.

उन्हं उतरल्यावर नाना उठून बाहेर आले. चूळ भरली. गालावर माझ्या लुगड्याच्या काठाची नक्षी उमटली होती. आम्हा चौघांकडं बघितलं, आणि तिथंच उंबऱ्यावर उभं राहून डोळे मिटले.

"देवा," म्हणाले, "ह्या घरात झोप लागली."

पुढं त्यांना बोलवेना. ओठ नुसते हलत राहिले. आमेन मी म्हणाले.